दार मिस्त्रींनी लावलं नव्हतं

धाड, धाड, धाड. मुठीनं तीन वेळा दार वाजवायचं, मग उघड्या फटीतून आत तोंड घालून ओरडायचं, "हाय का कुनी? बोला, न्हाईतर बरफ व्हताल!" उत्तर येवो न येवो, मफलर कानावर ओढून स्वतः आत जायचं. पार पोत्यांच्या शेवटच्या थप्पीपर्यंत. मागच्या भिंतीला हात लावून परत यायचं आणि मगच दाराचा लीव्हर खाली ओढायचा. लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कोल्ड स्टोरेजचे मिस्त्री हे दिवसातून चार वेळा करायचे. मी तिथं कारकून. एकोणीस वर्षं हा तमाशा बघितला आणि त्याचा कंटाळा आला नाही असा माझा एक दिवस गेला नाही.

तुम्हीही त्यांना बघितलंय. म्हणजे खऱ्या मिस्त्रींना नाही, सिनेमातल्या. दोन वर्षांपूर्वी आला होता बघा, कोल्ड स्टोरेजमध्ये अडकलेल्या बाईचा सिनेमा. थिएटरात लोक कुडकुडले म्हणे. मग तो मोबाइलवर आला आणि घरोघर गेला. त्यातला तो ऑपरेटर आठवतो? झोकांड्या खाणारा, बाईकडं वाकडं बघणारा, दारू पिऊन दार लावून घोरत पडणारा? तेच आमचे मिस्त्री. नाव बदललं होतं, दाढी काढली होती. मफलर मात्र तोच ठेवला होता, चौकडीचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच शेवटपर्यंत ताटकळायला नको. ते दार मिस्त्रींनी लावलं नव्हतं, मी लावलं होतं. आणि मिस्त्रींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. या दोन गोष्टी मला एका माणसाला वेळेवर सांगायच्या होत्या. त्यांच्या मुलीला. तेवढंच त्यांनी माझ्याकडं मागितलं होतं.

मिस्त्री मूळचे नांदेडचे, जुन्या गावातले. अमोनियाच्या मशिनवर काम करणारा जाणता माणूस लातुरात मिळत नव्हता म्हणून शेठनं त्यांना तिथून उचलून आणलं. बायको लवकर गेली. एकच मुलगी, ती नांदेडला खालाकडं, म्हणजे मावशीकडं वाढत होती. मिस्त्री सहा दिवस आमच्याकडं मशिनच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी पिशवी घेऊन नांदेडची एसटी धरायचे. सोमवारी सकाळी हजर. पिशवीतून जाताना मुलीसाठी काहीतरी जायचं आणि येताना खालानं दिलेलं लोणचं यायचं. म्हणजे त्या मुलीला आपला बाप माहीत होता तो फक्त रविवारचा. बाकीचे सहा दिवस तो कसा असतो, हे ठाऊक होतं आम्हाला.

भर मेमध्ये, डांबर वितळतंय अशा उन्हात, गंजगोलाईच्या बाजारात मफलर गुंडाळून फिरणारा तो एकच माणूस. भाजीवाल्या हसायच्या. मी विचारलं एकदा, "मिस्त्री, लोक येडं समजत्यात तुम्हाला." तर म्हणाले, "समजू दे बाबू. ऊन वरून लागतंय, थंडी आत बसलीय. दोघींचं पटत न्हाई, मी मधी भांडण सोडवून राहिलो."

तीस-पस्तीस वर्षं थंडीत गेलेली, त्यामुळे गुडघे कामातून गेले होते. चालताना एक पाय टाकायचे आणि दुसरा विचार करून टाकायचे. चेंबरमधून एकदम बाहेर आलं की चार डिग्रीतून बेचाळीसमध्ये येतो माणूस, डोकं गरगरतं. मिस्त्री बाहेर येऊन भिंत धरायचे, डोळे मिटून दहापर्यंत मोजायचे आणि मग चालायला लागायचे. नव्या माणसाला वाटायचं, घेतलेली आहे. आम्हाला माहीत होतं. निदान मला तरी माहीत होतं.

नवा हमाल आला की त्याला आधी समोर बसवायचे. "आत अडकलास तर काय करणार?"

"वरडीन की."

"वरडून काय व्हतंय? भिंत बघ, फूटभर जाड हाय. तुझी बायको दारात उभी असली तरी तिला ऐकू जायचं न्हाई. बसायचं न्हाई, ध्यानात ठेव. झोपायचं तर बिलकुल न्हाई. बारदान अंगावर घ्यायचं अन् चालायचं. थप्पी ते दार, दार ते थप्पी. कुडकुडी भरली तर चांगलं समजायचं. कुडकुडणं थांबून झोप याया लागली की समजायचं, थंडी आता लाडात येऊन राहिली. तिच्या नादी लागायचं न्हाई."

हमाल खी खी करायचे. लातुरात जन्मलेल्या माणसाला थंडीचं भय काय घालता? त्याला भय उन्हाचं आणि नळाला पाणी न येण्याचं. मिस्त्री मात्र हसायचे नाहीत. पुन्हा म्हणून घ्यायचे त्याच्याकडून, शाळेतल्या पाढ्यासारखं.

आता माझी अक्कल ऐका. दाराबाहेर आठ खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर मिलिटरीचे आठ जुने कोट. आत जाणाऱ्यानं कोट घालायचा, बाहेर आला की खुंटीला अडकवायचा. मी कारकून माणूस. मला वाटायचं, आठ कोट खुंटीला म्हणजे आत शून्य माणसं. सरळ हिशेब. मग म्हाताऱ्यानं गुडघे दुखवत शेवटच्या थप्पीपर्यंत कशाला जायचं? मी तसं बोलूनही दाखवायचो. मिस्त्री एकच वाक्य म्हणायचे, "कोट नका मोजू बाबू, माणसं मोजा."

"कोटाशिवाय आत मरायला कोण जाईल हो?"

"मे महिन्यात? सगळंच जातंय."

आणि हे खरं होतं, मला माहीत होतं. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बायका मिरचीची देठं खुडायच्या. वर तापलेला पत्रा, खाली मिरचीचा खाट, तोंडाची नुसती आग. संधी मिळाली की एखादी पदर तोंडाला धरून चेंबरमध्ये घुसायची, चिंचेच्या पोत्यांना पाठ लावून दोन मिनिटं उभी राहायची. कोट कशाला घालेल ती? थंडी खायलाच तर गेलेली. अहो, मी स्वतः जायचो. कोट न घालता.

तो शुक्रवार होता. मिस्त्री जुम्म्याच्या नमाजला निघाले. माल भरणं उरकलं होतं, आता दार लावलं की शनिवारी सकाळीच उघडायचं होतं. मला म्हणाले, "बाबू, लोक जेवायला गेले की दार लावा. पण आत जाऊन आवाज द्या. शेवटपर्यंत जा."

मी म्हणालो, "जातो की."

गेलो नाही. खुंट्या बघितल्या, आठ कोट होते. लीव्हर ओढला, कुलूप घातलं, डबा खाल्ला. तीनच्या सुमाराला मिस्त्री आले. "आवाज दिलता का?" मी रजिस्टरातून मान वर न काढता म्हणालो, "हो, कुणी नव्हतं." त्या क्षणी नुसतं "नाही" म्हणालो असतो तर सगळं तिथंच, दीड तासावर थांबलं असतं. पण कंटाळा आलेला माणूस खोटं किती सहज बोलतो ते मला विचारा.

आत गयाबाई होती. मिरची खुडणारी, चाळिशीची बाई; हमालांचा तो पाढा शेडमध्ये बसून तिनंही ऐकलेला. पोत्यांच्या मागं टेकली होती आणि तिचा डोळा लागला होता. आत घंटीचं बटण होतं, त्याची वायर उंदरांनी खाल्लेली. मिस्त्रींनी शेठला दोनदा लिहून दिलं होतं. बायकांना वाटलं गयाबाई डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. दिवस मावळता नवरा विचारायला आला तर वॉचमननं सांगितलं, इथं कुणी नाही, कुलूप आहे.

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी दार उघडलं तेव्हा ती चालत होती. तीन बारदानं अंगाला गुंडाळलेली, एक डोक्यावर, ओठ निळे. दार उघडलं तरी तिला कळलं नाही. दारापर्यंत आली, वळली आणि परत थप्पीकडं चालायला लागली. मिस्त्री मागून धावले, त्या गुडघ्यांनी. तिला धरलं तर तिनं हात झिडकारला. म्हणाली, "बसू नको म्हनलाय मिस्त्री."

पुढं ती दोन महिने अंथरुणाला होती, पण जगली. पुन्हा कामावर आली नाही. गावाकडं राहिली, आणि दर थंडीत नवऱ्याच्या हातून मिस्त्रींना हुरडा पाठवायची. तिच्या लेखी दार मिस्त्रींनी लावलं आणि जीवही मिस्त्रींनीच वाचवला. दोन्ही गोष्टी तिनं एकत्र ठेवून दिल्या होत्या. मला ती कधी काही बोलली नाही, माझ्याबद्दल तिला काही ठाऊकच नव्हतं.

त्या शनिवारीच शेठनं केबिनमध्ये आम्हा दोघांना उभं केलं. "दार कुणी लावलं?" मी माझ्या चपलांकडं बघत होतो. तेलाची मिल बंद पडल्यावर चाळिशीत मिळालेली नोकरी, तिसरं वर्ष चालू, अजून कायम केलेलं नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि याला डोंबलाचाही अर्थ नाही. बोलायला एक दम लागतो, तो माझ्याकडं नव्हता. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "फेरी माझी शेठ. दार माझं."

शेठनं त्यांना काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. काढलं मात्र नाही, कारण मशिन कोण बघणार? बाहेर आल्यावर मी त्यांच्यामागं गेलो. हात जोडले. तर चिडले माझ्यावर. "तुझ्यासाठी न्हाई केलं. फेरी माझीच व्हती. मी दुसऱ्यावर टाकून गेलो, ते पण कोट मोजणाऱ्यावर. अल्लाला काय सांगू?" तोवर ते मला अहो-जाहो करायचे. त्या दिवसापासून तू म्हणायला लागले. आणि पुढं कधीही, अगदी ताप अंगात असतानाही, त्यांनी मला फेरी मारायला सांगितली नाही. जुम्म्याला जाताना दार स्वतः लावून किल्ली खिशात घालून जायचे.

अशी तेरा-चौदा वर्षं गेली. लोक विसरले. मीही विसरलो म्हटलं तरी चालेल, माणूस स्वतःचं पटकन विसरतो. आणि मग ते सिनेमावालं पोरगं आलं.

नांदेडचंच. पुण्याला शिकून आलेलं, डोक्यावर टोपी, तोंडात सारखं "काका, काका". कुठून तरी त्यानं गयाबाईची गोष्ट ऐकली होती. शेठनं जागा दिली आणि आमच्याच चेंबरमध्ये बारा दिवस शूटिंग झालं. तेही मे महिन्यात. आता चार डिग्रीला कुठं बर्फ पडतोय? पण त्याला बर्फ पाहिजे होता. चिंचेच्या पोत्यांवर मीठ शिंपडलं, भिंतींना पांढरी पावडर फासली, शेठ आपला "माझी चिंच, माझी चिंच" करत मागं. आमच्या हमालांना गरम कपडे घालून गर्दीत उभं केलं, दोघं बाहेर येऊन भोवळ येऊन पडले. थंडीच्या सिनेमात उष्माघात, लातूरशिवाय कुठं व्हायचा!

मिस्त्रींचं मात्र सोनं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलं होतं. थंडी आधी बोटं कशी घेते, मग जीभ कशी जड करते, मग डोकं, सगळं समजावून सांगायचे. मुंबईहून आलेली ती नटी प्रत्येक शॉटनंतर बाहेर पळायची, तर हे घोंगडं घेऊन दारात उभे. "बेटा, एकदम उन्हात जाऊ नको. इथं थांब. दहापर्यंत मोज." तीही थांबायची, मोजायची. पोरगं सगळं वहीत लिहून घेत होतं. मिस्त्रींचं चालणंही घेतलं असावं त्यानं लिहून, भिंत धरणंही घेतलं असावं.

एक दिवस चहा पिता पिता त्यानं विचारलं, "काका, त्या दिवशी दार नेमकं लावलं कुणी?"

मी तिथंच होतो, हातात चलनं घेऊन. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं सांगू? मला बोलायला पुरेल एवढा वेळ. मी चलनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. मिस्त्री म्हणाले, "माझ्या हातून झालं, बेटा."

सिनेमा लागला तेव्हा मिस्त्रींनी तो लातुरात बघितला नाही. मुलीचं तोवर लग्न झालेलं, नायगावला दिलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला आणि जावयाला नांदेडला बोलावून घेतलं. "अब्बाचं काम हाय पिच्चरमध्ये" म्हणून सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले.

सोमवारी आले तेव्हा मला मशिनच्या खोलीत बोलावलं. मी आधीच बघितला होता सिनेमा, त्यामुळं काय निघणार ते ठाऊक होतं. म्हणाले, "इंटरवलला समोसे आणले. तिनं खाल्ला न्हाई. जावई मोबाइल बघत बसला. घरी येताना रिक्षात मला विचारली, अब्बा, तुम्ही लातूरला पीत व्हता का?"

मी म्हणालो, "मग तुम्ही काय सांगितलं?"

"न्हाई म्हनलो. दुसरं काय सांगणार? तिनं मान हलवली. शाळेतलं पोरगं खोटं बोलल्यावर हलवतेय तशी."

सिनेमावाल्या पोराला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर होता. ते म्हणालं, "काका, ते पात्र आहे हो. तुम्ही नाही ते. सिनेमाला कुणीतरी वाईट माणूस लागतो. नुसत्या थंडीवर लोक चिडत नाहीत." मिस्त्री म्हणाले, "बरोबर हाय बेटा," आणि फोन ठेवला. मला त्या पोराचा इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. मिस्त्री हसले. म्हणाले, "तू कायकू भडकून राहिला?"

मग त्यांनी मागितलं ते मागितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. म्हणाले, "एकदा नायगावला चल. पेपरात न्हाई, शेठला न्हाई, फक्त तिला सांग. मी आता सांगायला गेलो की दार मी लावलं नव्हतं, तर ती म्हणेल, पिच्चर आल्यावर अब्बा बदलले. तेव्हा मीच तिला सांगितलेलं की माझ्या हातून झालं. लहान व्हती, विचारली, मी काय सांगणार? तू सांग. दाराचं सांगितलंस तर बाकीचं आपोआप निघेल. जो माणूस दार लावायला तिथं नव्हताच, तो पिऊन कसा लावेल?"

"चला की," मी म्हणालो. "मार्चएंड होऊ द्या फक्त."

मार्चएंड झाला. मग माझ्या थोरल्याचं लग्न निघालं. मग पावसात रस्ता खराब. मग दिवाळी. मग माझा गुडघा, बघा, माझासुद्धा गुडघा! शनिवारी दुपारी ते पिशवी घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे, मी म्हणायचो, "या शनिवारी जमत नाही मिस्त्री." ते म्हणायचे, "असू दे, असू दे." आणि एसटी धरायला जायचे. लातूर ते नायगाव म्हणजे काही काशी नाही, अर्ध्या दिवसाचा रस्ता. नोकरी जाणार नव्हती, मला रिटायर व्हायला सहा महिने उरले होते. पोलीस येणार नव्हते. एका मुलीसमोर बसून दोन वाक्यं बोलायची होती. पण मला काय वाटायचं सांगू? तिच्या नजरेत मी एक सभ्य माणूस होतो. तिच्या लग्नात मी फेटा बांधून मिरवलो होतो, तिनं वाकून सलाम केला होता. ते जाईल असं वाटायचं. त्यांचं गेलेलं चालत होतं मला.

पुढं पुढं ते दारात यायचे बंद झाले. मला बरं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे.

मुलगी सुट्टीत नांदेडला यायची ती कमी झाली. शाळेत पोरं मागून "दार लाव, दार लाव" म्हणून ओरडतात, असं मिस्त्री एकदा बोलता बोलता बोलून गेले. तिनं त्यांना तसं तोडलं नाही हं. फोन करायची, औषधाचं विचारायची. फक्त फोन ठेवताना एकदा म्हणाली, "अब्बा, आता तरी तब्येत सांभाळा." या "आता तरी"चा अर्थ ते मला विचारत होते. मी म्हणालो, वय झालं म्हणून म्हणाली असेल.

गेल्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, नांदेडला खालाच्या घरी ते झोपेत गेले. मला सोमवारी कळलं, तोवर माती झालेली होती. त्या दिवशी चेंबरचं दार वॉचमननं लावलं. लांबूनच, कोट बघून. मी काही बोललो नाही त्याला.

पंधरा दिवसांनी मी नायगावला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. घर सापडलं, स्टँडपासून जवळच. तिनं मला ओळखलं, ओढणी डोक्यावर घेतली, खुर्ची पंख्याखाली सरकवली. "या काका. अब्बा नेहमी म्हणायचे, बाबू एकदा येणार आहे घरी."

मी पाणीही प्यायलो नाही. एका दमात सांगून टाकलं. शुक्रवार, नमाज, आठ कोट, कुलूप, रजिस्टरात घातलेली मान, केबिनमधल्या चपला. "दार मी लावलं. आवाज दिला नाही. दिला म्हणून खोटं सांगितलं. तुमच्या अब्बांनी माझं अंगावर घेतलं. आणि ते पीत नव्हते. कधीच नाही. मी एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी काढली."

ती ऐकत होती. मधे एकदा डोळे पुसले. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, पोचलं.

मग ती म्हणाली, "काका, एवढ्या उन्हात एवढ्या लांबून तुम्ही हे सांगायला आलात. एवढं कोण करतंय?"

"अहो, करतंय म्हणजे काय? खरं तेच सांगतोय."

"मी आठवीत होते तेव्हा. मी स्वतः विचारलं होतं अब्बांना. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं त्यांनी, बेटा, मेरे हाथ से हुआ. अब्बा माझ्याशी खोटं बोलत नव्हते, काका. तेवढी एक गोष्ट आहे माझ्याकडं. डोक्यावर हात ठेवून तर नाहीच."

"ते माझ्यासाठी बोलले."

"असू द्या. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलं बोलतात. तुम्ही तर त्यांचा गुन्हाच स्वतःवर घ्यायला आलात. लई मोठं मन आहे तुमचं."

मी पोराबाळांची शपथ घ्यायला लागलो. तिनं घाईघाईनं हात वर केला, "नको नको, शपथ नका घेऊ," म्हणाली. माझ्या पोराबाळांची काळजी वाटली तिला, खोट्या शपथेपायी. तेवढ्यात जावई आला. ती त्याला म्हणाली, "अब्बांचे दोस्त आहेत, लातूरचे. बघा ना, काय म्हणतायत," आणि त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

चहा आला. मी म्हणालो, "बरं, दाराचं सोडा. नका मानू. पण ते पीत नव्हते, एवढं तरी मानाल का? एवढं तरी खरं धरा माझं."

तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या मायेनं माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नसेल.

"हो काका," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर नव्हते पीत. चहा घ्या, निवून चाललाय."